रेबान्यो म्हणजे कळप

"ते काय?" फेर्मीननं काठी आभाळाकडं केली. वर आठ-दहा गिधाडं गोल फिरत होती.

"बांदादा," मी म्हणालो. म्हणजे पाखरांचा थवा.

"आनि ते?" काठी खाली आली. समोरच्या उतारावर आमची मेंढरं माना खाली घालून चरत होती.

"रेबान्यो."

"आनि ते?"

आता काठी रस्त्याकडं होती. रस्ता मोकळा होता. मी डोळे बारीक करून बघितलं, तरी मोकळाच.

"तितं काय न्हाई, आबा."

"हाय. नीट बग. चौदा खेचरं हाईत, एकामागं एक, दोरानं बांधल्याली. पाठीवर कोळशाची पोती. म्होरल्या खेचरापशी माजा बाप हाय."

"रेकुआ," मी म्हणालो. खेचरांच्या तांड्याला तोच शब्द.

"हां. आता जेव."

आणि त्यानं पावाचा तुकडा कापून माझ्या हातात दिला. रोज दुपारी हे असंच चालायचं. शब्द बरोबर आला की पाव, चुकला की आधी शब्द आणि मग पाव. उपाशी मात्र त्यानं मला कधी ठेवलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. फेर्मीन स्पॅनिश बोलायचा आणि मीही त्याच्याशी मोडकंतोडकं तेच बोलायचो. पण आज चौदा वर्षांनी तो मला आठवतो तो आमच्या जत तालुक्याच्या बोलीत. मेंढरांमागं सारं आयुष्य चाललेला म्हातारा दुसऱ्या कुठल्या बोलीत बोलत असेल, हे मला आजही खरं वाटत नाही. तेव्हा तो माझ्या कानात जसा आहे तसाच लिहितो.

मी धुळा मासाळ. जातीनं धनगर, गाव माडग्याळच्या अलीकडं. आमच्या भागातली माणसं पोटासाठी कुठं कुठं गेली, पण मेंढरं राखायला स्पेनला गेलेला मीच एकटा. गावाकडं चारणीची टेकडी पवनचक्क्यांनी घेतली, बापाचं मेंढरांचं खांड आम्हा तिघा भावांत वाटलं गेलं आणि माझ्या वाट्याला आली ती मेंढरं माझ्या पोराच्या वयाइतकीसुद्धा भरली नाहीत. मावसभाऊ बार्सिलोनात हॉटेलात होता. त्यानं सांगितलं, इकडं मेंढरामागं जायला माणूस मिळत नाही, स्पॅनिश पोरं शहरात पळाली, तू ये. मी गेलो. गावात लोक हसले. मेंढका तो मेंढकाच, विमानातनं गेला तरी.

मी पोचलो ते उंच पठारावरचं अकरा घरांचं गाव होतं, आणि त्यातल्या नऊ घरांना कुलूप. फेर्मीन तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा, लग्न न केलेला. पहिल्या दिवशी मी नाव सांगितलं, तर त्याला 'ध' काही म्हणता येईना.

"दुला?" तो म्हणाला आणि मोठ्यानं हसला. त्याच्या बोलीत दुला म्हणजे सगळ्या गावाच्या जनावरांचा मिळून एक कळप. घरटी एक-एक, दोन-दोन जनावरं सकाळी चौकात आणून सोडायची आणि गावानं नेमलेला एक माणूस ती चारून आणायचा. त्याचा आजा ते काम करायचा.

"आता गावात जनावरंच न्हाईत," तो म्हणाला. "बरं झालं, दुला परत आली."

तेव्हापासून त्याला शिकवायचा नाद लागला. मधमाश्यांचं एन्हांब्रे, डुकरांची पियारा, बैलांची युंता, एका वेताच्या पिल्लांची कामादा. लांडग्यांची मानादा, पण शिकारी कुत्र्यांची हाउरिया. दोन्हीला एकच शब्द वापरला म्हणून एकदा तो माझ्याशी दिवसभर बोलला नाही. मी त्याला आमचे शब्द द्यायचो. थवा, मोहोळ, खिल्लार, बैलजोडी. खांड हा शब्द त्याला फार आवडला. गंमत अशी, की त्यानं शिकवलेल्या निम्म्या शब्दांची जनावरं त्या खोऱ्यात उरलीच नव्हती. बैल गेले, खेचरं गेली, डुकरं कारखान्यांत गेली. म्हातारा रिकाम्या रस्त्याकडं काठी करायचा आणि मला ती बघावी लागायची. हळूहळू मला दिसायलाही लागली होती.

चारशेवर मेंढरं होती आमची. शेजारी, दोनशे पावलांवर, कासिल्दाचं घर. ती विधवा, साठीची, जिभेची तिखट. तिचीही दीड-दोनशे मेंढरं होती. दोघांची मेंढरं कोंडायची वाडगी वेगळी, पण पाण्याची दगडी डोण एकच. दर गुरुवारी ती बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट ताटलीत झाकून आणायची, फाटकावर ठेवायची आणि "कुत्र्यासाठी आनलंय" म्हणायची. फेर्मीन ते सगळं एकटा खायचा. मग शनिवारी तो तिच्या कुंपणाचे ढासळलेले दगड लावून यायचा आणि "मेंढरं आमच्यात शिरत्यात म्हनून" म्हणायचा. चाळीस वर्षं हे चाललं होतं म्हणे. आमच्याकडं असं असतं तर गावानं कधीच दोघांचं काहीतरी लावून टाकलं असतं. तिथं लावायला गावच नव्हतं.

सकाळी उठलं की फेर्मीन आधी तिच्या धुराड्याकडं बघायचा. धूर दिसला की मग काठी उचलायचा. तीही तेच करत असणार.

ते माझं तिथलं दुसरं वर्ष. माझं राहण्याचं कार्ड जुलैत संपत होतं आणि नवं मिळवायचं तर मालकाची सही लागत होती. तो कागद फेर्मीनच्या स्वयंपाकघरात फळीवर, मिठाच्या बरणीखाली ठेवलेला होता. त्याला सह्या करायचा कंटाळा. "जूनमदी बगू," म्हणायचा. माझी बायको आणि पोरगं गावाकडं त्या कागदाची वाट बघत होते.

मे महिन्यात एका सकाळी मी एका मेंढीच्या पायातला काटा काढायला बसलो. पुढचा पाय उचलला आणि काखेत बघतो तर लाल दाणे. शेपटीखाली बघितलं, तिथंही. दुसरीच्या ओठांवर. तिसरीचा एक डोळा सुजून मिटलेला.

मी हे गावाकडं दोनदा बघितलं होतं. आमच्यात याला देवी म्हणतात. खरं तर म्हणतही नाहीत, नाव काढायचंच नसतं. "बाई आल्यात" एवढंच, तेही हळू. बाई आल्या की वाडग्याच्या तोंडाला कडूलिंबाची डहाळी बांधायची. ती दिसली की वाटेनं जाणारा दुसरा मेंढका लांबूनच आपलं खांड वळवतो, पाणवठा सोडतो. आजारी मेंढरं बाजूला बांधायची, हळद-तेल लावायचं, तोंडानं वेडंवाकडं बोलायचं नाही. काही कोकरं जातात, मोठी बहुतेक राहतात. एकविसाव्या दिवशी दहीभाताचा निवद दाखवायचा, डहाळी सोडून पाण्यात टाकायची. बाई गेल्या.

मी फेर्मीनला बोलावून आणलं. तो गुडघ्यांवर बसला. तिघींना उलटंपालटं करून बघितलं. उठायला त्याला फार वेळ लागला.

"काटं लागल्यात," तो म्हणाला.

"काटं न्हाईत, आबा."

"काटंच हाईत." आणि त्यानं माझी गचांडी धरली. इतक्या दिवसांत त्यानं मला कधी हात लावला नव्हता. "कुनाला बोलायचं न्हाई. कासिल्दाला न्हाई, पाववाल्याला न्हाई, कुनालाच न्हाई. तोंडातनं शब्द काडायचा न्हाई. दे वचन."

मी दिलं. आणि आज सांगायला लाज वाटते, पण मला तेव्हा आनंद झाला. ऊर भरून आला. इतक्या लांबच्या मुलखात, येशूला मानणाऱ्या या म्हाताऱ्यालाही ठाऊक होतं, की बाईंचं नाव घ्यायचं नसतं! माझा बाप असता तर असाच बोलला असता, अशीच गचांडी धरली असती. परक्या देशात त्या दिवशी पहिल्यांदा मला घरी असल्यासारखं वाटलं.

मग मी बाकीचंही केलं. लिंब तिथं कुठला? पण डोणीजवळ फ्रेस्नो नावाचं झाड होतं, पानं थेट लिंबासारखी. त्याची डहाळी तोडली आणि फाटकावर बांधली. तिघींना मागच्या खोपीत नेऊन बांधलं. हळद माझ्याकडं होतीच, आईनं दिलेली.

फेर्मीनला डहाळी दिसली.

"हे काय?"

नाव काढायचं नाही म्हणून मी आडून सांगितलं. "देवाचं हाय, आबा. घराला राखतं."

त्यानं पानांवरनं अंगठा फिरवला. "असू दे," म्हणाला. "कायतरी राखू दे."

दहा वाजता कासिल्दा तिची मेंढरं घेऊन पाण्याला आली. मी पुढं होऊन दोन्ही हात आडवे केले.

"आज हितं नको, आत्ती. वरच्या ओढ्याला न्या."

"का? डोन काय तुज्या बापाची हाय?"

शब्द काढायचा नव्हता, मी काढला नाही. फाटकावरच्या डहाळीकडं बोट दाखवलं. मग तेच बोट माझ्या गालावर, दंडावर, काखेत टेकवत गेलो, ठिपके ठिपके. ती बघत राहिली. तिचा चेहरा पिठासारखा झाला.

"किती?"

मी तीन बोटं दाखवली.

"त्याला ठावं हाय?"

मी होकाराची मान हलवली.

"आनि ती फांदी?"

एवढं तर सांगायला हरकत नव्हती. "ती असंस्तोवर जवळ यायचं न्हाई," मी म्हणालो. "जनावरानं न्हाई, मानसानं बी न्हाई."

तिनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि मेंढरं वळवली. मला बरं वाटलं. वचनही पाळलं होतं आणि शेजारधर्मही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन पांढऱ्या गाड्या आल्या. पांढरा झगा घातलेली एक तरणी डॉक्टरीण, एक पोलीस आणि दोन माणसं. डॉक्टरीण सरळ मागच्या खोपीत गेली, तिघींचं रक्त काढलं. फेर्मीन फाटकाला टेकून उभा होता. त्यानं तिला काहीच विचारलं नाही. दोन दिवसांनी ती परत आली आणि फाटकावर, डहाळीच्या शेजारी, एक छापील कागद चिकटवून गेली.

मला स्पॅनिश वाचता येत नव्हतं म्हटलं तरी चालेल. त्या कागदातला एकच शब्द मला लागला. रेबान्यो. तो शब्द त्यानं मला मातीत काठीनं लिहून शिकवला होता.

मी डॉक्टरणीच्या मागं गेलो. "तिघी आजारी हाईत. बाकीच्या चांगल्या हाईत. आमच्याकडं एकवीस दिवसांत जातं हे, डॉक्टर."

ती थकलेली होती. वाईट नव्हती. "तुमच्याकडं जात असेल," ती म्हणाली. "इथं मेंढी आजारी धरत नाहीत, कळप धरतात. एक म्हणजे सगळा. कायदाच आहे. त्याला ठाऊक आहे, विचार."

मी वळून फेर्मीनकडं बघितलं. आणि तेव्हा मला कळलं, की त्यानं माझ्याकडनं वचन कशासाठी घेतलं होतं. बाईंसाठी नव्हतं ते. चारशे मेंढरांच्या जिवासाठी होतं.

तो माझ्याकडं बघतच नव्हता. तो दोनशे पावलांवरच्या धुराड्याकडं बघत होता.

"तिनंच सांगितलं," तो म्हणाला. "डोनीवर बगितलं असनार. तिच्याबिगार कोन हाय हितं?"

बोलायची वेळ ती होती. एवढं एक वाक्य होतं: आबा, तिला मी दाखवलं. मला मिठाच्या बरणीखालचा कागद दिसत होता. मनात म्हटलं, तोंड उघडायचं नाही असं वचन दिलंय ना, मग आता कशाला उघडतोस? माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो.

तिसऱ्या दिवशी ती माणसं लोखंडी जाळ्या घेऊन आली. जाळ्यांची गल्ली केली, तिच्या टोकाला ताडपत्री लावली. पण मेंढरं त्या गल्लीत शिरेनात. अनोळखी माणसं, अनोळखी वास. ती वाडग्याच्या कोपऱ्यात एकमेकांच्या अंगात तोंडं खुपसून उभी राहिली. फेर्मीन घरात दार लावून बसला होता. त्यानं यायला नकार दिला.

"तू हाक मार," डॉक्टरीण मला म्हणाली. "नाहीतर जास्त हाल होतील त्यांचे. हे लोक ओढून नेतील."

मी जाळ्यांच्या पलीकडं जाऊन उभा राहिलो आणि फेर्मीनची हाक दिली. रिआऽ, रिआऽ, रिआऽ. त्यानंच शिकवलेली. पुढं घंटा बांधलेली म्हातारी मेंढी होती, कोंदेसा नावाची. तिनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि चालू लागली. तिच्या मागनं सगळी आली. एकही मागं राहिली नाही. संध्याकाळपर्यंत मी हाका मारत होतो. घरात त्याला त्या ऐकू येत होत्या, हे मला ठाऊक होतं.

आणखी दोन दिवसांनी कासिल्दाची मेंढरं गेली. डोण एक होती, तेवढं पुरलं.

त्या संध्याकाळी ती दगडी कुंपणापाशी आली. मी पलीकडं चुना टाकत होतो. तिनं हलक्या आवाजात हाक मारली.

"तुजं नाव मी कुटं काडलं न्हाई," ती म्हणाली.

"आत्ती, तुमाला ठावं हुतं? तुमची बी जात्याल म्हनून?"

"मी काय काल जल्मले व्हय? खाली खोऱ्यात आनि नऊ रेबान्यो हाईत. त्यांची पोरंबाळं हाईत. आमी दोगं म्हातारी, आमाला कोन हाय? त्याला बी ह्ये कळतं. पर मेंढरावर जीव, कळून काय करायचं?"

"मी सांगतो आबांना. मीच दाकवलं म्हनून सांगतो."

"न्हाई." तिनं कुंपणावरनं हात घालून माझं मनगट धरलं. "ऐक. त्याच्याजवळ आता कायबी उरलं न्हाई. एक तू हाईस. तुजा बी राग धरला, तर उद्या सकाळी त्यो कुनाच्या तोंडाकडं बगंल? माजा धरू दे. मला त्याच्या रागाची सवं हाय. तू फकस्त त्याच्यापशी ऱ्हा. ऱ्हाशील?"

"ऱ्हातो," मी म्हणालो.

त्यानंतरच्या गुरुवारी तिनं ऑम्लेट आणलं. फेर्मीननं ताटली फाटकावरनं उचलली आणि रस्त्यात फेकली. "परत ह्या फाटकाला हात लावू नगंस," तो ओरडला. चाळीस वर्षं ती दोघं भांडायची, पण ओरडलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. ती खाली वाकून ताटलीचे तुकडे गोळा करत होती. मी खिडकीआड उभा होतो. जागचा हललो नाही.

खोऱ्यातली बाकीची नऊ खांडं वाचली. तिला कुणी येऊन दोन शब्दसुद्धा बोललं नाही.

फेर्मीन रोज पहाटे उठायचा, फाटक उघडायचा आणि मग आठवण आल्यासारखा लावायचा. कुत्रं उन्हात पडून राहायचं. एका दुपारी तो मला उतारावर घेऊन गेला. नेहमीच्या दगडावर बसलो. त्यानं पाव काढला, चाकू काढला. मग काठी समोरच्या उतारावर केली. गवत गुडघाभर वाढलं होतं, खाणारं कुणी नव्हतं.

"ते काय?"

मला ठाऊक होतं काय म्हणायचं. खेचरांच्या वेळी म्हणायचो तेच. चारशे मेंढरं, पुढं कोंदेसा, तिच्या गळ्यात घंटा. एका शब्दाचं काम होतं. पण मी त्यांना हाका मारून ताडपत्रीकडं नेलं होतं आणि तो शब्द माझ्या तोंडून फुटेना.

"काय न्हाई, आबा," मी म्हणालो.

"हाय, नीट बग" असं म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो. त्यानं काठी खाली ठेवली.

"व्हय," तो म्हणाला. "काय न्हाई."

त्यानं मला पाव दिला. त्या दिवसानंतर त्यानं मला एकही शब्द विचारला नाही.

जूनच्या शेवटी त्यानं सही केली. बरणी उचलली, कागद झटकला, मोठ्या वळणदार अक्षरात नाव काढलं.

"तू येक माज्या बाजूचा निगालास," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात मावसभावाचा फोन आला. हॉटेलात भांडी घासायला माणूस हवा होता. सहीचा कागद हातात होता. पठारावर आता मेंढरं नव्हती, काम नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. कासिल्दाला दिलेला शब्द मला आठवत होता. रोज आठवत होता. मी पाववाल्याच्या गाडीनं निघालो.

फाटकावर अजून ती डहाळी होती, पानं वाळून कोळपलेली. एकवीस दिवस कधीच होऊन गेले होते. जाता जाता निदान ती तरी सोडावी म्हणून मी हात घातला.

"ऱ्हाऊ दे," फेर्मीन मागनं म्हणाला. "राकतीया म्हनालास न्हवं?"

"आता काय राकनार, आबा?"

"मी हाय की अजून," तो म्हणाला आणि हसल्यासारखं केलं.

मी गाडीत बसलो. कासिल्दा तिच्या दारात उभी होती. तिनं हात केला नाही.

सहा वर्षं मी भांडी घासली. फेर्मीनला फोन नव्हता, ही माझी मोठी सोय होती. सातव्या वर्षी कायमचं गावी परत यायचं ठरलं, तेव्हा विमानाच्या आधी चार दिवस काढून मी वर पठारावर गेलो. सांगायचं असं पक्कं ठरवून गेलो होतो. दोघांना समोरासमोर बसवायचं आणि सांगायचं.

फेर्मीनच्या घराला कुलूप होतं. कासिल्दाच्या धुराड्यातनं धूर येत होता. तिनं दार उघडलं, मला ओळखलं आणि आत घेतलं. फार वाळली होती. कॉफी टाकली. तिच्या टेबलाजवळच्या खिडकीतनं फेर्मीनचं फाटक समोर दिसायचं.

"नोव्हेंबरात गेला," ती म्हणाली. "चार दिस कुनाला पत्ता न्हाई. पाववाल्यानं दार फोडलं."



"मला धूर दिसला न्हाई," ती म्हणाली. "पयल्याच सकाळी. दुसऱ्या दिशी बी न्हाई. मी ह्या खिडकीत बसून बगत हुते. कोट घातला, काडला. परत घातला. पर ती फांदी हुती."

"कंची फांदी?"

"तुजी." तिनं खिडकीकडं हनुवटी केली. "दर मे म्हैन्यात त्यो नवी तोडून आनायचा आनि बांदायचा. खुर्ची घेऊन चडायचा, म्हातारा. सा वर्सं. तूच मला सांगितलं हुतंस, ती असंस्तोवर जवळ यायचं न्हाई. मी म्हनायची, बरं. अजून राग गेला न्हाई. अजून नगं म्हनतोय. पुढल्या वर्सी न बांदंल."

मी खिडकीतनं बघितलं. फाटकाच्या वरच्या गजाला, कागद चिकटवला होता त्याच जागी, फ्रेस्नोची वाळकी डहाळी सुतळीनं नीट तीन वेढे देऊन बांधलेली होती. तसे वेढे मीच दिले होते.

कासिल्दानं कप माझ्यापुढं सरकवला.

"तुमच्यात किती दिस ठेवत्यात रं ती?"

"एकवीस," मी म्हणालो.

ती परत खिडकीतनं फाटकाकडं बघायला लागली. मग तिनं विचारलं, "मग ह्यो सा वर्सं कशापायी बांदत हुता?"

मला ठाऊक होतं. जगात ते मला एकट्यालाच ठाऊक होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती आणि कॉफीवर साय धरत होती.

"म्हाईत न्हाई, आत्ती," मी म्हणालो.